ज्याच्या जिनिंगात आपला कापूस, तोच हर्रासात समोर

आर्णीकडच्या दोन पोरांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. दोघं मिळून कृषी केंद्रांसाठी व्हॉट्सअॅपवरचा चॅटबॉट चालवतात, 23 दुकानं झालीत, आतमध्ये मॉडेल ओपनएआयचं अन् व्हॉट्सअॅपची लाइन, म्हणजे बॉटला व्हॉट्सअॅपशी जोडून देणारी सेवा, शहरातल्या एका कंपनीकडून, तिचे रिसेलर पार्टनर म्हणून. आता त्याच कंपनीनं स्वतःचा एआय एजंट काढला आणि यांच्याच चार दुकानदारांना परस्पर फोन लावून निम्म्या भावात देतो म्हणून सांगतलं. पोरं विचारतात, हा विश्वासघात झाला की धंद्यात असंच असते, मायक्रोसॉफ्ट अन् ओपनएआय पण एकमेकांसमोर बॉट विकतात तरी पार्टनर कसे, आणि आम्ही ही पार्टनरशिप तोडावी का.

मी हिंगणघाट तालुक्यात बसून हाच धंदा करतो. 2016 ला बल्क एसएमएसपासून सुरुवात, सकाळी कास्तकारांना 'आजचा कापूस भाव' जायचा, जिनिंगवाले पैसे द्यायचे, मग व्हॉट्सअॅप आलं, मग बटणंवाले बॉट, आता हे एआयवाले. एवढ्या वर्षांत तीन पार्टनर झाले, एकाला मी सोडलं, दोघांनी मला सोडलं, त्यामुळे जे सांगतो ते ठेच खाऊन आलेलं आहे.

विश्वासघात वगैरे काही नाही भाऊ. राग येणार, मलाही आला होता, पण त्या कंपनीनं तुमच्या कागदात कुठं लिहून दिलं होतं का की मी तुमच्या गिऱ्हाइकाला विकणार नाही? नसेल दिलं. कोणीच देत नाही.

आमचे बाबा कापूस एकाधिकार खरेदीत ग्रेडर होते. 1972 ला ती योजना आली, कास्तकारानं कापूस पणन महासंघालाच द्यायचा, बाहेर विकायचा नाही. पण कापूस घेतला तरी रेचाई कोण करणार? गावोगावी जिनिंग खाजगी माणसांच्या. म्हणजे ज्या व्यापाऱ्याला खरेदीतून बाजूला काढलं त्याच्याच मशिनीवर सरकी वेगळी व्हायची अन् गठाणी बांधल्या जायच्या. बाबा सांगायचे, दोघंही एकमेकांले शिव्या देत अन् सांजच्याले एकाच टपरीवर चहा पेत, कारण एकाजवळ कापूस होता अन् दुसऱ्याजवळ मशीन. आताही पाहा ना, जिनिंगवाला दुसऱ्याचा माल जॉब वर्कवर रेचून देतो आणि सकाळी यार्डात हर्रासात त्याच माणसाच्या बाजूला उभा राहून बोली पण लावतो. कोणी त्याला दगाबाज म्हणत नाही. फक्त सीझनमध्ये एक गोष्ट होते, त्याचा स्वतःचा ढीग आला की तुमची गाडी फाटकावर उभी राहते. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

मायक्रोसॉफ्ट अन् ओपनएआयचं डिट्टो हेच. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं पहिले 1 अब्ज डॉलर टाकले, पुढं वाढत वाढत 13 अब्जांच्या आसपास गेले. ओपनएआयजवळ डोकं होतं पण मॉडेल तयार करायला लागणारे कॉम्प्युटर नव्हते, मायक्रोसॉफ्टजवळ अॅझुर या आपल्या क्लाउड सेवेचे डेटा सेंटर होते पण असं मॉडेल नव्हतं. कापूस अन् मशीन. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं अन् दोन महिन्यांत पाहा काय झालं, 1 फेब्रुवारी 2023 ला ओपनएआयनं महिन्याला 20 डॉलरचं चॅटजीपीटी प्लस जाहीर केलं आणि 7 फेब्रुवारीला मायक्रोसॉफ्टनं ओपनएआयच्याच मॉडेलवर बिंगमधला चॅट काढला. एका आठवड्यात दोन दुकानं, आत माल एकाच वावरातला. त्याच वर्षी कंपन्यांना विकायचं म्हणून मायक्रोसॉफ्टनं जुलैत बिंग चॅट एंटरप्राइज जाहीर केलं तर ऑगस्टमध्ये ओपनएआयनं चॅटजीपीटी एंटरप्राइज काढलं. 2024 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं आपल्या एआय मदतनिसाचं, कोपायलटचं, पैसेवालं कोपायलट प्रो आणलं, भाव किती, 20 डॉलर. समोरासमोरच्या दोन दुकानांत भजे एकाच भावात मिळावे तसं.

मधात नोव्हेंबर 2023 मध्ये ओपनएआयच्या संचालक मंडळानं आपला प्रमुख सॅम ऑल्टमनलाच काढून टाकलं, पाच दिवसांत परत आणलं, पण त्या पाच दिवसांत मायक्रोसॉफ्टनं त्याला अन् त्याच्या माणसांना आपल्याकडे या म्हणून सांगून ठेवलं होतं. सगळा पैसा एका घोड्यावर अन् तो घोडा कधीही पळू शकतो हे तेव्हा त्यांना कळलं असावं, असं आपलं माझं मत. कारण मार्च 2024 मध्ये त्यांनी मुस्तफा सुलेमानला इन्फ्लेक्शन या कंपनीतून बरीच टीम घेऊन आणलं, स्वतःचे मॉडेल तयार करायला. आणि जुलै 2024 मध्ये तर मजाच झाली, मायक्रोसॉफ्टच्या वार्षिक अहवालात स्पर्धकांच्या यादीत ओपनएआयचं नाव आलं, एआयमध्ये पण आणि सर्च-जाहिरातीत पण. त्याच्या चारपाच दिवस आधी ओपनएआयनं सर्चजीपीटीचा नमुना दाखवला होता. जिच्यात अब्जावधी टाकले ती कंपनी, अन् कागदावर स्पर्धक. त्यात लाजण्यासारखं काही नाही, शेअरवाल्यांना धोका सांगणं हे तिकडं कायद्याचंच काम आहे. मला तर ते आवडलं, निदान लिहून तरी टाकलं.

आता फाटकावरची गाडी. ओपनएआयला दिवसेंदिवस जास्त कॉम्प्युटर पाहिजेत आणि मायक्रोसॉफ्टला त्याच कॉम्प्युटरवर स्वतःचं कोपायलट पण चालवायचंय. जानेवारी 2025 मध्ये ओपनएआयचा स्टारगेट हा डेटा सेंटरचा मोठा प्रकल्प जाहीर झाला तेव्हा करार बदलला, आधी ओपनएआयला मायक्रोसॉफ्टकडेच यावं लागायचं, आता फक्त आधी मायक्रोसॉफ्टला विचारायचं, तो नाही म्हणाला तर दुसरीकडे जायची मोकळीक. ऑक्टोबर 2025 मध्ये नवीन कागद झाला त्यात तो आधी विचारायचा हक्क पण गेला, बदल्यात मायक्रोसॉफ्टला साधारण 27 टक्के हिस्सा, 2032 पर्यंत मॉडेल वापरायचा हक्क, आणि ओपनएआयनं 250 अब्ज डॉलरची अॅझुर सेवा घ्यायचं कबूल केलं. लगेच नोव्हेंबरात ओपनएआयनं अॅमेझॉनसोबत 38 अब्जांचा करार केला. अन् मायक्रोसॉफ्ट पण काही डोळे मिटून बसलं नव्हतं, ऑगस्टमध्ये स्वतःचं एमएआय मॉडेल दाखवलं, सप्टेंबरात कोपायलटमध्ये अँथ्रोपिक या दुसऱ्या एआय कंपनीचं क्लॉड मॉडेल घेतलं, नोव्हेंबरात अँथ्रोपिकमध्येच 5 अब्जांपर्यंत टाकायचं जाहीर केलं.

तुम्ही म्हणाल एवढी भांडणं असून तुटत कसं नाही. तुटत नाही कारण हिशेब फिरून एकमेकांकडेच येतो. चॅटजीपीटी जास्त विकलं गेलं तर अॅझुरचं बिल वाढते अन् हिश्श्याची किंमत पण वाढते, कोपायलट जास्त विकलं गेलं तर आत मॉडेल बरंचसं ओपनएआयचं. बटईनं शेती दिलेला मालक अन् बटईदार भांडतात पाहा, खत किती टाकलं, मजूर किती लावले, पण पऱ्हाटी उपटून कोणी फेकत नाही. बोंडं दोघांचीही आहेत.

तुमच्यात अन् त्या शहरवाल्या कंपनीत ही गोष्टच नाही. तुम्ही बुडाले तर तिचं काय जाते? 23 दुकानांचं भाडं, अन् ते तर ती थेट घेऊन राह्यली. म्हणून मायक्रोसॉफ्टचं उदाहरण तुम्हाला पुरतं लागू होत नाही.

जास्त लागू होते ते विंडसर्फचं. कोड लिहायला मदत करणारं एक टूल आहे, त्यात गिऱ्हाइकांना अँथ्रोपिकचं क्लॉड आवडायचं. 2025 मध्ये बातम्या आल्या की ओपनएआय विंडसर्फ विकत घेऊन राह्यलं, तशी जूनमध्ये अँथ्रोपिकनं त्यांचा थेट पुरवठा अगदी थोड्या दिवसांच्या सूचनेवर जवळपास बंद केला. त्यांचं म्हणणं काय, आम्ही ओपनएआयला आमचं मॉडेल कायले विकू? त्यांच्या बाजूनं पाहिलं तर बरोबर आहे. पण विंडसर्फच्या गिऱ्हाइकाची काय चूक? त्यानं तर पैसे भरले होते. बरं अँथ्रोपिकचं स्वतःचं क्लॉड कोड पण त्याच बाजारात. अन् तेच अँथ्रोपिक स्वतः कोणाच्या मशिनीवर? 2024 अखेरपर्यंतच अॅमेझॉनचे 8 अब्ज डॉलर त्यात, गूगलचे पण पैसे त्यात, ऑक्टोबर 2025 मध्ये गूगलनं त्यांना 10 लाखांपर्यंत टीपीयू, म्हणजे एआयसाठीच्या चिपा, द्यायचं ठरवलं, आणि गूगल विकते स्वतःचं मॉडेल जेमिनाय, अॅमेझॉन विकते नोव्हा. गूगल क्लाउडच्या दुकानात जेमिनाय अन् क्लॉड एकाच फळीवर मांडलेले. तुम्ही कोणतंही उचला, गल्ला दुकानदाराचा.

हे अमेरिकेतलंच आहे असं समजू नका. 2020 मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये फेसबुकनं 43,574 कोटी टाकून 9.99 टक्के घेतले अन् तीन महिन्यांत गूगलनं 33,737 कोटी टाकून 7.73 टक्के. दोघं एकाच घरचे भागीदार. आता फेसबुक अन् व्हॉट्सअॅपची मालक कंपनी मेटा, तिचं मेटा एआय व्हॉट्सअॅपमध्ये घुसून बसलंय, तो निळा गोल तुमच्या आजीच्या फोनमध्ये पण आहे, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये जिओनं आपल्या गिऱ्हाइकाला गूगलचं जेमिनाय प्रो 18 महिने फुकट द्यायला सुरुवात केली. एअरटेलनं त्याच्या आधीच जुलैत परप्लेक्सिटी हे एआय सर्च वर्षभर फुकट केलं होतं. मग नोव्हेंबरात ओपनएआयनं चॅटजीपीटी गो, जे 399 रुपये महिना होतं, ते भारतात वर्षभर फुकट केलं. आमच्या इकडचा एक कृषी केंद्रवाला मला म्हणे, "माह्या पोराच्या जिओत फुकट येते राजा, तुले कायले पैसे देऊ?" मी गप. खरं सांगतो त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हतं, दोन दिवसांनी सुचलं, ते पुढं सांगतो.

आता तुमच्या पोटावर पाय येईल ती गोष्ट, व्हॉट्सअॅप. तुम्ही ओपनएआय अन् शहरवाली कंपनी या दोघांकडेच पाहून राह्यले, पण तिसरा पार्टनर मेटा आहे अन् तोच सगळ्यात जड. डिसेंबर 2024 पासून चॅटजीपीटी व्हॉट्सअॅपवर एका नंबरवरून मिळायचं, कोपायलट पण होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये मेटानं बिझनेस एपीआयचे, म्हणजे धंदेवाल्यांनी सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सअॅप चालवायच्या सोयीचे, नियम बदलले, ज्यांचा धंदाच 'काहीही विचारा' असा एआय बॉट आहे त्यांना 15 जानेवारी 2026 पासून बंदी. चॅटजीपीटी गेलं, कोपायलट गेलं, उरलं कोण, मेटा एआय. इटलीच्या स्पर्धा आयोगानं डिसेंबरात त्यावर रोख लावली, युरोपनं पण चौकशी लावली, पण ते तिकडचं. ज्या दुकानाचं मुख्य काम दुसरं आहे अन् बॉट फक्त गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला ठेवलाय, त्याला बंदी नाही. म्हणजे कृषी केंद्राचा बॉट चालते, पण तुम्ही जर 'कास्तकार मित्र, काहीही विचारा' असं करून एकाच नंबरवर सगळ्या गावांना उघडून ठेवलं असेल तर ते आजच बंद करा. अशा नंबरवर व्हॉट्सअॅपची कुऱ्हाड पडली तर त्या नंबरसोबत दुकानदाराचं नाव पण जाईल.

माझं काय झालं ते सांगतो. माझा दुसरा पार्टनर असाच एक व्हॉट्सअॅप लाइन देणारा होता, नाव घेत नाही. 19 दुकानं अन् तीन जिनिंग होत्या माझ्या. मी आळशीपणा केला, दुकानदारांचे जीएसटीचे कागद गोळा करा, मेटाकडे व्हेरिफाय करा, ही भानगड कोण करणार, म्हणून सगळे नंबर त्या कंपनीच्याच खात्याखाली चढवले. ते म्हणे आम्ही करतो ना, तुम्ही फक्त सेल पाहा. मी खूश. दीड वर्षानं त्यांनी स्वतःचं पॅनल काढलं. नंबर त्यांच्याकडे, टेम्प्लेट म्हणजे मेसेजचे मंजूर साचे त्यांच्याकडे, कोणत्या दुकानाचे महिन्याला किती मेसेज जातात हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत, मग फोन लावायला काय लागते? मोठी दुकानं पहिले फोडली, बरोबर तीच जिथं मेसेज जास्त. 11 गेले. उरलेले आठ माझ्यावर प्रेम होतं म्हणून राहिले असं नाही, त्यांचे मेसेजच एवढे कमी होते की त्या कंपनीला त्यात रस नव्हता.

मग मी काय केलं तर वर्धेच्या एका वकील मित्राकडे गेलो, तो करार वाचून हसला. एकही ओळ माझ्या बाजूनं नव्हती अन् सही माझीच होती.

तेव्हा पार्टनरशिप तोडावी का, याच्या आधी हे पाहा की तुमच्या 23 दुकानांचे नंबर कोणाच्या बिझनेस खात्यात आहेत. दुकानदाराच्या स्वतःच्या नावानं व्हेरिफाय केलेल्या खात्यात असतील तर ती कंपनी उद्या गेली काय अन् राहिली काय, फक्त लाइन बदलायची. कंपनीच्या खात्यात असतील तर हलवावं लागेल. हलवता येते, मेटानंच ती सोय दिली आहे, मंजूर झालेले टेम्प्लेट अन् नंबरची क्वालिटी सोबत येते, जुने चॅट येत नाहीत. म्हणून आधी चॅटचा डेटा उतरवून घ्या. नंबरवरचा सहा आकडी पिन जुन्या कंपनीला बंद करावा लागते, तिथं ते 'आज करतो उद्या करतो' करतील, त्यासाठी दुकानदाराकडून ईमेल पाठवा, तुमच्याकडून नाही. गिऱ्हाईक स्वतः मागते तेव्हा नाही म्हणणं कठीण जाते.

दुसरं मॉडेल. ओपनएआय उद्या तुमच्या दुकानदाराला फोन करणार नाही, तेवढा त्याला वेळ नाही, पण त्याचा धक्का वेगळा असते. 6 नोव्हेंबर 2023 ला त्यांनी एका कार्यक्रमात जीपीटीज अन् असिस्टंट एपीआय या आपला बॉट बनवायच्या सोयी दाखवल्या आणि 'पीडीएफशी बोला' टाइपच्या किती छोट्या कंपन्यांचा एका दिवसात कचरा झाला. जुलै 2025 मध्ये जीपीटी 4.5 एपीआयमधून काढलं, तीन महिन्यांची सूचना होती, ज्यांनी त्यावर सगळं बसवलं होतं ते पळत सुटले. कधी उलटं पण होते हे पण सांगितलं पाहिजे. मे 2024 मध्ये जीपीटी 4ओ आलं तेव्हा मराठीचे टोकन, म्हणजे मॉडेल वाक्याचे जे तुकडे पाडते अन् ज्यावर बिल लागते ते, जवळपास तिपटीनं कमी झाले, त्यांच्याच नमुन्यातलं एक वाक्य 96 टोकनांवरून 33 वर आलं. आम्ही फक्त मॉडेलचं नाव बदललं, बसल्या जागी बिल उतरलं. पण जो न विचारता स्वस्त करते तो न विचारता महाग पण करू शकते. तर तुमच्या कोडमध्ये मॉडेलचं नाव शंभर जागी लिहिलेलं असेल तर ते एका जागी आणा. गूगलनं जेमिनायला ओपनएआयसारख्याच पद्धतीनं हाक मारायची सोय दिली आहे, पत्ता, किल्ली अन् नाव बदललं की कॉल जाते. मी दर दोन महिन्यांनी एका रविवारी दुसऱ्या मॉडेलवर सगळं चालवून पाहतो.

चालवून पाहतो म्हणजे कशावर? इथं तुमची खरी इस्टेट आहे अन् तुम्हाला बहुतेक माहीत नाही. माझ्याजवळ साडेचारशे प्रश्नांची एक फाइल आहे, कास्तकारांनी जसे पाठवले तसे, व्हॉइसवरून टाइप झालेले, 'सोयाबीन पिवयं पडून राह्यलं', 'पऱ्हाटीले बोंडं कमी', 'डवरणीच्या आंधी युरिया टाकू का मंग'. आपल्याकडे ळ चा य होते, पुण्याच्या मराठीवर शिकलेल्या मशीनला 'पिवयं' म्हणजे काय हे पहिले कळतच नव्हतं. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड हे न कळल्यामुळे एका मॉडेलनं सरपणाबद्दल सल्ला दिला होता, तसा तो चुकीचा पण नव्हता म्हणा. ही फाइल असली की नवीन मॉडेल आलं तर तासाभरात कळते की हे आपल्या कामाचं आहे का. ती फाइल शहरवाल्या कंपनीजवळ नाही, ओपनएआयजवळ पण अशी लावून ठेवलेली नाही. फक्त त्यातून लोकांचे नंबर अन् नावं काढून टाका, 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे अन् त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, उद्या कोणी विचारलं तर भारी पडेल.

एक आडवळण घेतो, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमचा बॉट फवारणीचं प्रमाण सांगते का? दोन औषधं मिसळून मारू का असं विचारलं तर उत्तर देते का? देत असेल तर बंद करा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, तुमच्याच जिल्ह्यात, मी सांगायची गरज नाही. माझा बॉट प्रमाण विचारलं की लेबल पाहा म्हणते आणि दुकानदाराचा फोन जोडून देते. स्पर्धक कंपनीचा बॉट लिटरला किती मिली ते ठणकावून सांगते म्हणून दुकानदाराला तो हुशार वाटला तरी वाटू द्या.

आता त्या जिओ फुकटवाल्या दुकानदाराला दोन दिवसांनी मी काय उत्तर दिलं. मी म्हटलं, भाऊ, जेमिनायला विचार की तुझ्या दुकानात अमुक बियाण्याची पाकिटं आली का, अन् पलीकडच्या गावच्या माणसाची उधारी किती राहिली. तो हसला. सल्ला आता फुकटच होणार, राज्याच्या कृषी खात्याचं महाविस्तार अॅप 2025 मध्ये आलं, त्यात मराठीतून विचारता येते, त्याच्याशी तुम्ही काय भांडणार अन् का भांडायचं. पण दुकानात माल काय आहे, कोणाचं बिल बाकी आहे, युरियाची गाडी उद्या येणार की परवा, हे दुकानदाराच्या वहीत असते अन् ती वही ना गूगलजवळ ना ओपनएआयजवळ ना त्या कंपनीजवळ. माझ्या उरलेल्या आठ दुकानांत मी पहिले हेच केलं, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून स्टॉक अन् उधारी बॉटला जोडली, उधारी फक्त ज्याची त्याला, ज्या नंबरवरून विचारलं त्याच नंबरची. आता 34 दुकानं आहेत. शेतीचा सल्ला माझ्या बॉटमध्ये आहे पण त्याचे मी पैसे घेत नाही, पैसे वहीचे.

पैशावरून आठवलं, ती कंपनी निम्म्या भावात कशी देते? जुलै 2025 पासून व्हॉट्सअॅपचं बिल मेसेजप्रमाणे झालं, आणि गिऱ्हाइकानं स्वतः विचारलं तर पुढचे 24 तास साध्या उत्तराला मेटा पैसे घेत नाही. तुमचा बॉट बहुतेक उत्तरंच देते, म्हणजे त्यावर मेटाचा खर्च जवळपास नाहीच, खर्च मॉडेलचा अन् लाइनवाल्याच्या भाड्याचा. ते भाडं तो तुम्हाला लावते, स्वतःला लावत नाही, म्हणून त्याचा भाव निम्मा. जिनिंगवाल्याला स्वतःच्या कापसाची रेचाई द्यावी लागते का? तर भावात त्याच्या मागं लागू नका, त्या खेळात तुम्ही हरणार. आणि जाहिरातीचे मेसेज तो किती लावते ते दुकानदाराला विचारायला सांगा, मला जेवढे असे सौदे दिसले त्यात बॉट स्वस्त अन् मार्केटिंगचे मेसेज महाग, वसुली तिथून.

तोडा म्हणाल तर एकदम तोडू नका. त्याच कंपनीची लाइन चालू ठेवा, दुसऱ्याकडे एक खातं उघडा, दोनतीन लहान दुकानं तिकडं नेऊन एक महिना पाहा. ओपनएआयनं अॅमेझॉनकडे जाताना अॅझुर सोडलं नाही, वरून जास्त घ्यायचं कबूल केलं. भांडून निघालात तर पिन बंद करायला तो तुम्हाला दिवाळी दाखवेल. हसत राहा, बिल वेळेवर भरा, अन् नंबर हलवत राहा.

ज्या चार दुकानदारांना फोन आले त्यांच्याकडे फोन न करता स्वतः जा, दोघंही जा. कोणाला काय भाव सांगितला ते विचारा, त्या कंपनीला शिव्या देऊ नका, दुकानदाराला भांडण ऐकायचं नसते, त्याच्या काउंटरवर गिऱ्हाईक उभं असते. त्यातला एखादा जाईल, जाऊ द्या, त्याचा डेटा त्याला पेनड्राइव्हमध्ये नीट द्या. माझे गेलेले 11 पैकी चार परत आले ते त्यामुळेच, तिकडून निघताना त्यांना तिथं कोणी काही दिलं नाही.

अन् एक प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मी विचारतो. तुम्हा दोघांत काही कागद आहे का? कोड कोणाच्या खात्यात, मेटाचं लॉगिन कोणाच्या नंबरवर, उद्या एकाला पुण्यात नोकरी लागली अन् त्यानं तिथून हाच बॉट सुरू केला तर? शाळेपासूनचे दोस्त असाल, असू द्या, माझा पहिला पार्टनर माझ्या आत्याचा पोरगा होता. पाचशेच्या स्टॅम्पवर भागीदारीचा कागद करा, कोणाचा हिस्सा किती, बाहेर पडणाऱ्याला काय मिळेल, तो किती दिवस याच तालुक्यांत हाच धंदा करणार नाही, यातलं शेवटचं कोर्टात किती टिकेल ते वकिलाला विचारा, पण निदान बोलणं तरी होईल तुमच्यात.

जे करायचं ते मृगाच्या आधी करा. नंबर हलवताना त्याच नंबरवर ओटीपी येते अन् तो दुकानदाराकडूनच घ्यावा लागते, एकदा का बियाण्याची गर्दी लागली की तो ओटीपी सांगायला पण फोन उचलत नाही, मी मागच्या वर्षी जूनमध्ये एका ओटीपीसाठी समुद्रपूरपर्यंत गाडी नेली होती.